टेलकडून दुसरा

मामांनी उभ्या आयुष्यात गुडघ्याच्या वर पाणी लागू दिलं नाही. अंघोळही पाटावर बसून, तांब्याने, घाईघाईत. विहिरीत डोकावायचं झालं तर आधी कुणाला तरी मागून सदरा धरून ठेवायला सांगत. अशा माणसानं मला परदेशातल्या डोंगरी नदीच्या शर्यतीसाठी तयार केलं, असं मी सांगू लागलो की ऐकणाऱ्याला वाटतं, हा आपली फिरकी घेतोय. फिरकी होतीच, पण ती बहुतेक वेळा माझीच घेतली गेली.

ते माझे सख्खे मामा नव्हेत. ते कुणाचेच सख्खे नव्हते, म्हणून सगळ्या गावाचे मामा झाले. आमचं गाव तेलगावच्या पुढे, कालव्यातून निघालेली चारी जिथं संपते तिथं. मामा सरकारी पाटकरी. धरणातून पाणी सुटलं की सायकलवर कालव्याच्या कडेनं हिंडायचं, दारं उघडायची, लावायची, कुणाची पाळी कधी ते सांगायचं, हे त्यांचं काम. त्यात एक नियम होता आणि तो मामांनी देवासारखा मानला होता. पाणी आधी सगळ्यात शेवटच्या शेताला द्यायचं, मग मागं मागं सरकत पहिल्याला. टेलकडून हेडकडे, म्हणजे कालव्याच्या शेपटाकडून तोंडाकडे. टेल म्हणजे आमचं गाव. नियमानं बघितलं तर पहिला मान आमचा. प्रत्यक्षात हेडची मंडळी वाटेतच मोटारी टाकत, पाइप घालत, आणि मामा एक पाइप उपटून पुढे गेले की मागे दोन लागलेले असत. टेलला यायची ती फक्त बातमी.

ही बातमी मामा स्वतः आणत. हॉटेलासमोर सायकल लावत, पायजम्याच्या क्लिपा काढत आणि म्हणत, "निघालंय."

"बसा मग," हॉटेलवाला म्हणायचा. "येईस्तोवर च्या घ्या."

हॉटेल म्हणजे आमच्याकडे चहाची पत्र्याची टपरी, दोन बाकडी आणि एक टीव्ही. सगळी टपरी हसायची. मामा चहा प्यायचे, पण हसायचे नाहीत. मग समोरच्या ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्याकडे जायचे. तो त्यांनी स्वतः रंगवलेला, तीन रकान्यांचा: पाणी सुटले, पाणी पोचले, शेरा. पहिल्या रकान्यात तारीख आणि वेळ लिहायचे. दुसरा रकाना तीस वर्षं कोरा. वरून कुणी साहेब यायचा असला की लोक म्हणत, मामा, टाका की काहीतरी. मामा म्हणत, "पोचलं न्हाई तर पोचलं कसं लिवू?" शेऱ्याच्या रकान्यात मात्र गावातले हौशी लोक आपापली भर घालायचे. 'वाटेत जेवायला थांबले असेल', 'सासरवाडीला गेले', असलं काहीबाही. मामा ते ओल्या फडक्यानं पुसत आणि कुणी लिहिलं असेल ते अक्षरावरून ओळखून त्याच्याशी आठवडाभर बोलत नसत.

नोकरी संपली तरी फळा सुटला नाही. सायकलही नाही.

आता माझं सांगतो. मी उत्तरेत गंगेच्या काठी तंबूंच्या एका मुक्कामावर कांदे चिरायच्या नोकरीला गेलो आणि कांदे चिरता चिरता कयाक शिकलो. कयाक म्हणजे एकट्या माणसाची प्लास्टिकची होडी. कमरेपर्यंत आत बसायचं, हातात दोन पात्यांचं वल्हं. पुढे त्यात इतका रमलो की कांदे दुसऱ्या कुणाकडे गेले, आणि एका वर्षी युरोपातल्या एका शर्यतीचं बोलावणं आलं. खडकांतून, भोवऱ्यांतून, दोन-तीन पुरुष उंचीच्या धबधब्यांवरून एकट्यानं खाली उतरत जायचं आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर शेवट गाठायचा. शर्यत ऑक्टोबरात. पावसाळ्यात आमचा मुक्काम बंद असतो, म्हणून मी होडी ट्रकवर टाकून गावी आलो.

गावानं होडीची पाहणी केली. पेंड कालवायला बरी आहे असं एकाचं मत पडलं. आमच्या म्हशीला ते पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी तिनं त्यात तोंड घातलं. मामा आले, त्यांनी काठीनं होडी सगळीकडून वाजवून बघितली, बादलीभर पाणी आत ओतलं आणि चहा होईस्तोवर तिच्याकडे बघत बसले.

"गळत न्हाई," ते म्हणाले. "म्हंजे भायेरचंबी आत यायचं न्हाई. बरं, ह्या शर्यतीत पयलं यायचं असतंय का?"

"असतं. पण मामा, पुष्कळ जण शेवटपर्यंत पोचतच नाहीत."

मामांनी कप खाली ठेवला. "पोचत न्हाईत? आपल्या पाण्यावानी?"

"तसंच समजा."

"मंग तुला म्या शिकवतो," मामा म्हणाले, आणि मी हो म्हणायच्या आधीच बादली उचलून निघून गेले.

आमच्याकडे एक गंमत आहे. पाऊस चांगला झाला तर कालवा कोरडा असतो, आणि पावसानं दडी मारली तर पिकांसाठी कालव्याला पाणी सुटतं. त्या वर्षी पावसानं माझ्यावर कृपा केली आणि गावावर अवकृपा. मुख्य कालव्यावर सहा-सात किलोमीटर वर एक फॉल आहे. तिथं कालवा एकदम दोन पुरुष खाली पडतो आणि खाली पाण्याचा भोवरा होतो. तिथंच एक पाटी: 'कालव्यात उतरण्यास सक्त मनाई आहे.' पाटी मामांनीच कधीतरी उभी केलेली. तिच्या सावलीत पोतं टाकून ते बसत, गळ्यात शिट्टी, मांडीवर लाह्यांची पिशवी.

"मामा, पाटीचं काय?"

"ती नोकरीत होतो तवाची हाय. आता म्या रिटायर हाय," मामा म्हणाले.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मी वरून आलो, मामा खालून ओरडले, "डावीकडं! डावीकडं घे!" मी डावीकडे घेतली आणि दगडी भिंतीवर कोपर सोलून घेतलं. बाहेर आलो तर मामाच माझ्यावर तापलेले.

"डावीकडं म्हनलं तर तिकडं कावून गेलास बे?"

"हीच डावी, मामा. ही बघा."

मग उलगडा झाला. मी पाण्याबरोबर खाली येत होतो, माझं तोंड टेलकडे. मामा खाली बसून वर बघत होते, त्यांचं तोंड हेडकडे. त्यांची डावी ती माझी उजवी. मी म्हटलं, तुम्ही इकडे तोंड करून सांगा. त्यांना ते काही केल्या जमेना. "जिंदगी हेडकडं तोंड करून गेली माजी," ते म्हणाले. "पाणी कवा येतंय बगत. आता मान वळत न्हाई." शेवटी तोडगा निघाला. मामांनी त्यांना दिसेल तसं सांगायचं आणि मी मनात फिरवून घ्यायचं. हे फिरवणं माझ्या इतकं अंगवळणी पडलं की आई म्हणाली उजव्या डब्यातलं मीठ दे, तर मी डाव्या डब्यातली साखर दिली. त्या दिवशीची आमटी मामांनीही खाल्ली आणि चांगली झालीय म्हणाले.

मामांच्या शिकवण्यात वल्हं कसं धरावं वगैरे काही नसे. वल्ह्यावर त्यांचा रागच होता. "सारखं मारायलास कावून? भाकरी थापायलास का?" पाण्याला ते पाव्हणा म्हणत. पाव्हण्याला हाताला धरून ओढायचं नाही, त्याच्याशी भांडायचं नाही, तो कुठं टेकतो आणि कुठून उठतो तेवढं बघायचं. ते बघायला लाह्या. मूठभर जोंधळ्याच्या लाह्या फॉलच्या वर टाकायच्या आणि खाली बघत राहायचं. भोवऱ्यात त्या गोल गोल फिरत, पुन्हा भिंतीकडे ओढल्या जात, पुन्हा फिरत. मग कुठल्यातरी एका कोपऱ्यातून एक लाही सुटे, जरा वेळानं दुसरी.

"बगितलंस? भवऱ्यालाबी दार असतंय," मामा म्हणत. "दारात ढकलाढकली करू न्हाई. अंग ढिलं सोडायचं, फिरत फिरत दारापशी यायचं, आपली पाळी आली की निघायचं."

"आणि तोवर श्वास?"

"त्ये तुजं तू बग. म्या काय पाण्यात उतरलेलो न्हाई."

थंडीबद्दलही त्यांचा सल्ला होता. तिकडचं पाणी बर्फाचं असतं हे कळल्यावर त्यांनी एक दिवस विचार केला आणि सांगितलं, "गार लागलं की हेडवाल्याला शिव्या घालायच्या. म्या तीस वर्सं थंडीत तसंच केलंय. अंग तापतंय."

सप्टेंबरात एक बरा पाऊस झाला तेव्हा मामा मला कपिलधारला घेऊन गेले. धबधबा बघायचा, दर्शनही होईल. दर्शन झालं, आणि मामा धबधब्याखालच्या डोहाशी उभे राहून अत्यंत गंभीर चेहऱ्यानं पाण्यात लाह्या सोडू लागले. मूठभर टाकायच्या, डोळे बारीक करून बघायचं, ओठात काहीतरी मोजायचं. मागे एक बाई येऊन हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांनी हळूच विचारलं, "बाबा, हा कशाचा नवस?"

"पोचायचा," मामा पाण्यावरची नजर न काढता म्हणाले.

अर्ध्या तासात तिथं दहा-बारा लोक पाण्यात लाह्या सोडत होते. बाहेरच्या प्रसादाच्या दुकानातल्या लाह्या संपल्या. मामा वैतागले, कारण आता आपली लाही कोणती आणि नवसाची कोणती हे कळेना. तिथंच त्यांच्या आणखी एक लक्षात आलं, की फेसाळ पाण्यात पांढरी लाही दिसतच नाही. घरी आल्यावर त्यांनी आईला हळद-तिखट लावून लाह्या परतायला लावल्या. अशा पिवळ्याधमक लाह्यांची मोठी पिशवी माझ्या सामानात गेली.

त्याच सुमारास व्हिसाचे कागद भरायला आम्ही बीडला गेलो. स्टँडजवळच्या दुकानात फॉर्म भरणारा पोरगा म्हणाला, "इथं प्रशिक्षकाचा अनुभव लिहायचाय." मामा पुढे झाले. "लिवा. तीस वर्सं, कोरडा कालवा." पोरानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, लिहा. व्हिसा मिळाला, ही त्यांच्या मते त्या ओळीची करामत.

परदेशातल्या विमानतळावर पिशवी उघडली गेली. साहेबानं एक लाही हुंगली, एक तोंडात टाकली, शेजारच्याला बोलावून त्यालाही दिली आणि मला जायला सांगितलं. शर्यतीच्या मुक्कामी तर लाह्यांचे फारच हाल झाले. नॉर्वेचा एक दाढीवाला गडी माझ्या शेजारच्या खोलीत होता. मी नदीवर लाह्या टाकतो ते त्यानं पाहिलं, एक चाखली, आणि त्यानंतर माझ्या दारावर सारखी टकटक. तिसऱ्या दिवशी स्पर्धेतले निम्मे लोक आमच्या आईच्या लाह्या खात होते आणि नदीसाठी एक मूठ उरली होती.

सगळ्यांना नदी दाखवायला आयोजक सुरुवातीपासून खाली नेत. मी मामांच्या नियमानं शेवटाला जाऊन उभा राहिलो आणि तिथून एकटाच वर चालू लागलो. आधी टेल, मग हेड. तिथल्या एका दयाळू बाईला वाटलं मी चुकलोय. तिनं मला हाताला धरून सुरुवातीपाशी नेऊन सोडलं. मी पुन्हा खाली गेलो, तिनं पुन्हा आणून सोडलं. तिसऱ्यांदा ती माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तसं सावकाश बोलू लागली.

शेवटाच्या जरासं आधी नदीत एक मोठा खडक होता. पाणी त्याच्या दोन्ही अंगांनी पडत होतं. एका बाजूनं सरळ वाट होती, दुसऱ्या बाजूला भोवरा. कुठली कशी, यावर लोकांची दोन मतं होती, कारण पाणी रोज थोडं वर-खाली होत होतं. बरेच जण उजवी म्हणत. मी उरलेली मूठ त्या खडकाच्या वर टाकली, खालून वर बघत मोबाइलवर चित्रण केलं आणि ते गावी पाठवलं. मला स्वतःला फेसात काही कळलं नव्हतं. गावात हॉटेलवाल्यानं ते टीव्हीवर लावलं, आणि मामांनी ते दोन दिवस पुन्हा पुन्हा बघितलं म्हणे.

शर्यतीच्या दिवशी सकाळी फोन केला. हॉटेलवालाच बोलला. "अरे, मामानं फळ्यावर लिवलंय. 'आपला माणूस सुटणार, दुपारी अडीच. पोचणार.' समदं गाव हितं जमलंय, टीव्हीवर थेट शर्यत बगाया."

मामांनी त्या फळ्यावर 'पोचणार' असं कधी पाण्याबद्दलही लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, "मामांना द्या. मामा, अहो मी काही पहिला-बिहिला येणार नाही."

"पयला कोण म्हनलं? म्या पोचंल म्हनलंय," मामा म्हणाले. मग आवाज उतरवून, "हे बग. तीस वर्सं म्या 'निघालंय' म्हनलो आन् लोकं हसली. तू तेवढं पोच. बाकी कायबी होऊ दे. आन् शेवटच्या खडकाला उजवीकडून जा. ध्यानात ठिव. उजवीकडून."

मी मनात फिरवलं. मामांची उजवी म्हणजे माझी डावी. सगळे जण उजवीकडून जाणार आणि मामा डावी सांगतायत, म्हणजे म्हाताऱ्याला लाह्यांत नक्की काहीतरी दिसलंय. माझी छाती अभिमानानं भरून आली.

खडकापर्यंत मी आयुष्यात कधी उतरलो नाही इतका सुरेख उतरलो. तीन धबधबे, मध्ये एक अरुंद घळ, कुठे अडखळलो नाही. मग खडक आला. मी डावी घेतली.

भोवरा होता. असा भोवरा की त्याच्यापुढे आमच्या फॉलखालचा भोवरा म्हणजे आईचा परातीतला काला. होडी उलटली, वल्हं गेलं, डोकं खाली आणि पाणी बर्फाचं. मी सरळ झालो तसा पुन्हा भिंतीकडे ओढला गेलो. मी फार भ्यालो, हे सांगायला मला लाज नाही. हातांनी जीव खाऊन पाणी मारत होतो आणि जागचा हलत नव्हतो. मग मामांचा आवाज आला, म्हणजे आठवला. भाकरी थापायलास का? मी हात थांबवले. पाव्हण्याशी भांडण सोडलं. गोल फिरू लागलो, आणि फिरता फिरता बीड जिल्ह्यातल्या तमाम हेडवाल्यांना, त्यांच्या मोटारींना आणि पाइपांना मराठीत जेवढं देता येईल तेवढं दिलं. अंग तापलं की नाही माहीत नाही, पण श्वास लागला. चौथ्या की पाचव्या फेऱ्याला डाव्या कोपऱ्यात पाणी जरा सपाट दिसलं. दार. पाळी आली. निघालो.

निघालो ते उलटा. तोंड वर, नदी आली त्या दिशेला, आणि पाठ शेवटाकडे. हातात वल्हं नाही. तसाच वाहत गेलो. शेवटाला पाण्यावर एक फळी टांगलेली होती, तिला हात लावायचा असतो. मला ती दिसतच नव्हती. तिला माझं डोकं लागलं. पंचांनी थोडा वेळ आपसात बोलून डोकं मान्य केलं.

पण त्या आधी, उलटा वाहत असताना, मला तो खडक मामा बघायचे तसा दिसला. हेडकडे तोंड करून. सरळ, स्वच्छ वाट माझ्या डाव्या हाताला होती. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामांना चित्रात डावी दिसली होती. या खेपेला त्यांनी ती माझ्यासाठी आधीच फिरवून उजवी सांगितली होती, आणि ती मी पुन्हा फिरवली.

गावात काय झालं ते मला हॉटेलवाल्यानं नंतर सांगितलं. मी भोवऱ्यात शिरलो त्याच क्षणी आमच्या गावचं नेटवर्क गेलं. टीव्हीवर मी उलटा, होडीचं बूड वर, आणि मध्ये ते लोड होण्याचं चाक गोल गोल फिरतंय. सगळं गाव त्या चाकाकडे बघत राहिलं. माझी आई उठून उभी राहिली. कुणीतरी म्हणालं, "अडकलं वाटतं वाटेत." एरवी यावर हशा झाला असता. मामा बाहेर रस्त्यावर गेले आणि कालवा ज्या बाजूनं येतो तिकडे तोंड करून उभे राहिले, जणू मी तिकडूनच चालत येणार होतो. हॉटेलवाला म्हणाला, "गड्या, म्या त्या माणसाला तीस वर्सं हसलो. त्या टायमाला माज्याच्यानं त्याच्याकडं बगवंना."

मग चित्र हललं. एकजण ओरडला, "आरं, हे तर उलटं यायलंय!"

मामा पळत आत आले. त्यांनी बघितलं, माझं तोंड वरच्या बाजूला आहे. "म्याच शिकवलंय तसं," ते म्हणाले. "हेडकडं तोंड करून यायचं." आणि खडू घेऊन ते फळ्याकडे गेले. दुसऱ्या रकान्यात, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी वेळ लिहिली. तीनचा आकडा दोनदा काढावा लागला म्हणे.

शेवट गाठलेल्यांत मी शेवटून दुसरा होतो. माझ्यामागे फक्त नॉर्वेचा गडी, ज्यानं सगळ्यात जास्त लाह्या खाल्ल्या होत्या. मी परत आलो तर तेलगावच्या फाट्यापासून फ्लेक्स लागलेले: 'परदेशातील स्पर्धेत द्वितीय क्रमांक पटकावल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' वर पुढाऱ्यांचे मोठे मोठे चेहरे, खाली कोपऱ्यात माझा पासपोर्टचा फोटो. मी धावत मामांकडे गेलो. "हे कुणी सांगितलं?"

"म्या. टेलकडून मोज की. दुसराच येतोस."

"मामा, असं नसतं मोजायचं!"

"आपल्याकडं असंच मोजत्यात. नियम हाय," मामा म्हणाले. पण माझा चेहरा बघून त्यांचं मन त्यांना खाऊ लागलं असावं. दुसऱ्या दिवशी ते रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन सायकलवर निघाले आणि प्रत्येक फ्लेक्सवर 'द्वितीय'च्या आधी लाल अक्षरांत 'टेलकडून' लिहून आले. लोकांना वाटलं, तो गावाचा उल्लेख आहे.

सत्काराला हेडचे एक मोठे बागायतदार पुढारी पाहुणे म्हणून आले. आपल्या कालव्याच्या पाण्यानं घडवलेला खेळाडू, असं ते माझ्याबद्दल म्हणाले. पहिल्या रांगेत मामांना खोकल्याची जी उबळ आली ती भाषण संपेपर्यंत थांबली नाही.

सत्कारानंतर हॉटेलात सगळ्यांसमोर मामांनी मला धरलं. "उजवीकडून म्हनलंतं का न्हाई? मंग तिकडं कावून मेलतास?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. खरं सांगणं सोपं होतं. पण त्या दिवशी त्या टपरीत मामांच्या शब्दाला जे वजन आलं होतं ते मी डोळ्यांनी बघत होतो. एकजण त्यांना विचारत होता, मामा, यंदा हरभरा पेरावा का? मामांना कुणी काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

"चुकलं मामा," मी म्हटलं. "घाबरून गेलो."

"ऐकत जा," हॉटेलवाला म्हणाला. "मामा उगं सांगत न्हाईत."

चार दिवसांनी सकाळी मामा आमच्या दारात उभे. आत आले नाहीत. अंगणात काठीनं नदी काढली, मध्ये एक दगड ठेवला, एकदा खालून उभे राहिले, एकदा वरून.

"तू फिरवलंतंस," ते म्हणाले.

"हो."

"म्याबी फिरवलंतं. म्हनलं, परमुलूख हाय, गार पाण्यात पोराचं डोस्कं चालंल न चालंल, आपुनच फिरवून द्यावं." त्यांनी काठीनं दगड बाजूला सारला. "मंग हाटेलात बोलला कावून न्हाईस?"

मी त्यांना चहाला आत बोलावलं. त्यांनी काठीनं नदी मोडली आणि गेले.

दुपारी फळ्यावर, माझ्या ओळीसमोर शेऱ्याच्या रकान्यात, सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं: 'उशीर झाला. चूक पाटकऱ्याची.'

गाव खवळलं. तीस वर्षं ज्यांचं खरं कुणी खरं मानलं नाही, त्यांचं हे मात्र कुणी खरं मानायला तयार होईना. मामा, काय खोटं लिहिता, म्हणून लोक त्यांच्याशी भांडले. मामा ऐकेनात. शेवटी दुपारी ते जेवून लवंडले की मी ओलं फडकं घेऊन जाऊ लागलो. मी पुसायचं, सकाळी त्यांनी पुन्हा लिहायचं. असं आठवडाभर चाललं. एक दिवस मी पुसून वळलो तर मागे पारावर मामा बसलेले, पूर्ण जागे.

"कंच्या हातानं पुसलंस?"

"उजव्या."

"तुज्या का माज्या?"

मला हसू आवरेना. मामांनी तोंड वाकडं करून दाबायचा प्रयत्न केला, पण शेवटी तेही हसले. मी त्यांना हसताना पाहिलेलं ते पहिल्यांदा. हसता हसता त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, पिळलं आणि खांद्यावर टाकलं. शेरा पुन्हा लिहिला नाही.

हिवाळ्याच्या पाळीला धरणातून पाणी सुटलं. मी हॉटेलात होतो, निम्मं गाव होतं. मामांनी सायकल लावली, पायजम्याच्या क्लिपा काढल्या.

"निघालंय," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. हॉटेलवाल्यानं गॅस बारीक केला, हात पुसले आणि विचारलं, "कुटवर आलंय, मामा?"